आभासी प्रयोगशाळा : उत्तर कोण देते?

शाळेत प्रयोगशाळा नसली तरी प्रयोग करता येतील, हे आश्वासन आता सरकारी धोरणाचा भाग झाले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ‘दीक्षा’, ‘स्वयम्’ यांसारख्या मंचांचा उपयोग करून आभासी प्रयोगशाळा उभाराव्यात, म्हणजे प्रयोगांवर आधारलेले शिक्षण सर्व विद्यार्थ्यांना सारखेच मिळेल, असे म्हटले आहे. २०२२-२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात विज्ञान आणि गणित या विषयांसाठी अशा ७५० आभासी प्रयोगशाळांची घोषणा झाली. त्यामुळे संगणकाच्या पडद्यावरचा प्रयोग आज ना उद्या प्रत्येक विज्ञानशिक्षकाच्या हाती येणार हे उघड आहे.

पाठ्यपुस्तक बदलले की त्यावर चर्चा होते, चुका दाखवल्या जातात, चांगल्या पाठांचे कौतुक होते. आभासी प्रयोगांच्या वाट्याला अशी चिकित्सा क्वचितच येते. ‘मुलांना आवडते’ किंवा ‘खऱ्या प्रयोगाची सर नाही’ या दोन वाक्यांपैकी एक उच्चारून विषय संपवला जातो. ही दोन्ही वाक्ये अपुरी आहेत. कोणता आभासी प्रयोग, कशासाठी आणि खऱ्या प्रयोगाच्या आधी की नंतर, हे विचारल्याशिवाय त्याच्या गुणदोषांविषयी काहीच बोलता येत नाही. या लेखात दोन प्रसिद्ध संग्रहांच्या आधाराने तशी चिकित्सा करायची आहे.

दोन घराणी

पहिला संग्रह आपल्या जवळचा आहे. प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, या संस्थेच्या मुंबई केंद्राचे एक कार्यालय नवी मुंबईत, खारघर रेल्वे स्थानकासमोर आहे. हे केंद्र म्हणजे पूर्वीची ‘नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी’. १९८५ साली स्थापन झालेली ही संस्था भारतात इंटरनेटचा पाया घालणाऱ्या संस्थांपैकी एक होती आणि २००३ साली ती सी-डॅकमध्ये विलीन झाली. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या अर्थसाहाय्याने या केंद्राने आणि अमृता विश्व विद्यापीठाने मिळून ‘ओ-लॅब्ज’ ही शालेय आभासी प्रयोगशाळा तयार केली. नववी ते बारावीच्या भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्रातील प्रयोग हा तिचा मुख्य भाग आहे. इंग्रजीबरोबर हिंदी, मल्याळम आणि मराठी या भाषांनाही तिथे जागा दिली आहे आणि शाळांना ती विनामूल्य वापरता येते.

दुसरा संग्रह अमेरिकेतील कोलोराडो विद्यापीठाचा ‘फेट’. कार्ल वीमन हे त्याचे संस्थापक. सत्येंद्रनाथ बोस आणि आइन्स्टाइन यांनी १९२४-२५ मध्ये भाकीत केलेली द्रव्याची अवस्था प्रयोगशाळेत प्रत्यक्ष निर्माण केल्याबद्दल वीमन यांना २००१ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक दोन सहकाऱ्यांसह मिळाले. पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, त्यांनी हा प्रकल्प सुरू केला. फेटचे अनेक आभासी प्रयोग मराठीत भाषांतरित झाले आहेत, आणि एकदा संगणकावर उतरवून घेतले की इंटरनेटशिवायही चालतात.

हे दोन संग्रह एकाच जातीचे वाटले तरी त्यांची घराणी वेगळी आहेत. ओ-लॅब्ज प्रयोगशाळेची प्रतिकृती करते. अभ्यासक्रमातील प्रात्यक्षिकांची यादी समोर ठेवून प्रत्येक प्रयोगासाठी सिद्धांत, कृती, ॲनिमेशन, सिम्युलेशन, चित्रफीत, तोंडी परीक्षेचे प्रश्न अशी पाने लावलेली आहेत. विद्यार्थी पडद्यावरची उपकरणे हलवतो, रीडिंग घेतो, गणित करतो आणि निष्कर्षापर्यंत पोहोचतो. फेटमध्ये असे काही नसते. तिथे प्रयोगाचा उद्देश नाही, कृती नाही, निष्कर्षही नाही. एक छोटेसे जग आणि त्यात बदलता येतील अशा काही गोष्टी एवढेच पडद्यावर असते. त्या जगात काय विचारायचे हे विद्यार्थ्याने किंवा शिक्षकाने ठरवायचे. पहिल्या घराण्यात सगळे आधीच ठरलेले असल्याने विद्यार्थी वाट चुकत नाही, पण त्याला वाट शोधावीही लागत नाही. दुसऱ्या घराण्यात शोधायला भरपूर वाव आहे. मात्र शिक्षकाने प्रश्न दिला नाही तर तास नुसत्या खेळण्यात जातो.

लंबकाचे उदाहरण

साधा लंबक घेऊ. अकरावीच्या प्रात्यक्षिकांत त्याच्यावरून गुरुत्वीय त्वरण काढायचे असते. लंबकाची लांबी मोजा, वीस आंदोलनांना लागणारा वेळ मोजा, त्यावरून दोलनकाल काढा आणि सूत्रात किमती घाला. एक मीटर लांबीच्या लंबकाचा दोलनकाल साधारण २ सेकंद येतो.

आता हाच प्रयोग पडद्यावर केला तर काय होते? कार्यक्रम लिहिणाऱ्याने पृथ्वीसाठी गुरुत्वीय त्वरणाची एक किंमत संगणकाला दिलेली असते. फेटच्या लंबकात ती ९.८१ मीटर प्रतिवर्ग सेकंद आहे. संगणक तिच्या आधारे लंबक हलवतो. विद्यार्थी त्याचा दोलनकाल मोजतो, सूत्र उलटे वापरतो आणि त्याला ९.८१ मिळते. म्हणजे आत घातलेली संख्याच त्याने बाहेर काढली. यात गणिताचा सराव झाला, पृथ्वीविषयी मात्र काहीच कळले नाही. मुंबई-नवी मुंबईच्या परिसरात गुरुत्वीय त्वरण सुमारे ९.७९ आहे. पृथ्वी ध्रुवांकडे थोडी चपटी आहे आणि ती स्वतःभोवती फिरते, त्यामुळे विषुववृत्ताकडे ही किंमत कमी होत जाते. पनवेलच्या एखाद्या शाळेत मुलांनी दोरा आणि लोखंडी गोळा घेऊन प्रयोग केला, तर कुणाला ९.६ येईल, कुणाला ९.९. ही उत्तरे ९.८१ पेक्षा ओबडधोबड असली तरी ती पृथ्वीकडून आलेली आहेत.

आभासी प्रयोगाच्या संपूर्ण चिकित्सेचा गाभा मला इथे दिसतो. प्रत्येक वेळी विचारायला हवे की उत्तर कोण देते? खऱ्या प्रयोगात आपण निसर्गाला प्रश्न विचारतो. आभासी प्रयोगात आपण एका प्रतिमानाला, म्हणजे निसर्गाविषयी माणसाने मांडलेल्या समजुतीला, प्रश्न विचारतो. दोघांनाही विचारण्यासारखे पुष्कळ आहे, पण कोणाला काय विचारायचे हे गोंधळात टाकून चालणार नाही. एखाद्या स्थिरांकाची किंमत काढणे, एखादा नियम खरा आहे का हे तपासणे, ही कामे प्रतिमानाला सांगण्यात अर्थ नाही, कारण तो नियम आणि तो स्थिरांक त्याच्या पोटातच आहेत. ‘आभासी प्रयोगाने ओहमचा नियम सिद्ध करणे’ असे जर्नलमध्ये लिहिले जाते, तेव्हा नेमके हेच घडत असते.

याउलट, हा लंबक चंद्रावर नेला तर काय होईल, गुरूवर नेला तर काय होईल, घर्षण पूर्णपणे काढून टाकले तर काय होईल, हे प्रश्न वर्गात फक्त प्रतिमानालाच विचारता येतात. ते त्याने उत्तम रीतीने दाखवावे.

मधली एक सुंदर जागाही इथे आहे. लंबकाचा दोलनकाल आंदोलनाच्या विस्तारावर अवलंबून नसतो, असे आपण शिकवतो. हे फक्त लहान कोनांसाठी खरे आहे. लंबक १० अंशांतून सोडला तर दोलनकाल सूत्राच्या उत्तरापेक्षा अवघा ०.२ टक्के जास्त येतो, ३० अंशांतून सोडला तर १.७ टक्के आणि ६० अंशांतून सोडला तर ७.३ टक्के जास्त येतो. एक मीटरच्या लंबकाला दहा आंदोलनांसाठी सूत्राप्रमाणे सुमारे २०.१ सेकंद लागायला हवेत. ६० अंशांच्या विस्ताराने ती होत राहिली, तर जवळजवळ २१.५ सेकंद लागतील. फेटचा लंबक हा फरक दाखवतो. आता खऱ्या लंबकावर हा फरक दिसेल का, असे मुलांना विचारावे. घड्याळाचे बटण दाबण्यात साधारण ०.२ सेकंद इकडेतिकडे होतात. तेव्हा १० अंशांचा फरक सापडणार नाही. ६० अंशांचा सापडायला हवा. पण खरा लंबक हवेच्या विरोधामुळे ६० अंशांवर फार वेळ राहत नाही, त्यामुळे फरक अपेक्षेपेक्षा कमी येईल. मुलांनी हे करून पाहिले, तर प्रतिमान आणि निसर्ग यांतील तफावत कुठून येते याचा तो चांगला पाठ होईल. मात्र वापरण्यापूर्वी शिक्षकांनी त्या विशिष्ट सिम्युलेशनमध्ये ६० अंशांतून लंबक सोडून पाहावा. दोलनकाल तसाच राहिला, तर कार्यक्रमात फक्त लहान कोनांचे सूत्र घातलेले आहे असे समजावे.

पडदा सरस ठरतो तेथे

खऱ्या प्रयोगाचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्यासारख्यांनी एका संशोधनाची दखल घ्यायलाच हवी. कोलोराडो विद्यापीठात नोआ फिंकेलस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्युत परिपथांच्या प्रयोगासाठी भौतिकशास्त्राच्या प्राथमिक अभ्यासक्रमातील विद्यार्थ्यांचे दोन गट केले. एका गटाने खऱ्या तारा, बल्ब, रोध आणि मापके वापरली. दुसऱ्याने त्यांच्याऐवजी फेटचा आभासी परिपथ-संच वापरला. २००५ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष अनेकांना अनपेक्षित होता. परिपथाविषयीच्या संकल्पनांवरील प्रश्नांत आभासी संच वापरणारे विद्यार्थी पुढे होतेच, शिवाय खरी उपकरणे हाती दिल्यावर परिपथ जोडून तो कसा चालतो हे लिहिण्यातही ते पुढे होते.

असे का झाले असावे, हे आपल्या वर्गातील अनुभवावरून समजू शकते. विद्युतधारेविषयी मुलांचा सर्वांत चिवट गैरसमज म्हणजे बल्बमधून जाताना धारा ‘खर्च’ होते आणि पुढच्या बल्बला कमी मिळते. एकसर जोडणीत सगळीकडे धारा सारखीच असते, हे फळ्यावर सांगून त्यांना पटत नाही. खऱ्या परिपथात काय वाहते ते दिसत नाही. त्यात तार सैल असते, सेल उतरलेला असतो, अमीटरचा काटा अडकतो, आणि मुलाला वाटते की हाच विद्युतशास्त्राचा नियम. पडद्यावर तारांमधून सरकणारे इलेक्ट्रॉन दिसतात. बल्बच्या आधी आणि नंतर ते सारख्याच वेगाने सरकतात. एक तार काढली की सगळे एकदम थांबतात. तार थेट बॅटरीच्या दोन टोकांना जोडली तर पडद्यावर ज्वाळा दिसतात, आणि कोणाचाही हात भाजत नाही. म्हणजे जे अदृश्य आहे ते दाखवणे, जे धोक्याचे आहे ते करू देणे आणि विषयाशी संबंध नसलेले अडथळे दूर करणे, ही आभासी प्रयोगाची तीन खरी बलस्थाने आहेत. वायूच्या रेणूंची धडपड, किरणोत्सारी क्षय, पिढ्यान् पिढ्या चालणारी नैसर्गिक निवड यांसाठी शाळेत दुसरे साधनही नाही.

पण या संशोधनाचा आधार घेऊन शाळेतील उपकरणे मोडीत काढण्याचा सल्ला कोणी देऊ लागला, तर त्यातील एक गोष्ट त्याच्या नजरेस आणून द्यावी. विद्यार्थ्यांना परिपथ समजला की नाही हे ठरवताना तिथे खऱ्या तारा आणि खरे बल्बच त्यांच्या हाती दिले होते.

प्रतिमान कुठे फसवते

प्रत्येक प्रतिमान काही ठिकाणी जाणूनबुजून खोटे बोलते. त्यात वाईट काही नाही. नकाशावरही नदी निळी असते आणि गावे ठिपक्यांएवढी असतात. मात्र नकाशाच्या कोपऱ्यात प्रमाण आणि खुणांची सूची छापलेली असते. आभासी प्रयोगात ती बहुधा नसते, आणि ही त्यांची सर्वांत मोठी उणीव आहे.

सरकणाऱ्या इलेक्ट्रॉनचेच पाहा. पडद्यावर ते काही सेकंदांत तारेचे एक टोक सोडून दुसरे गाठतात. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून एक अँपिअर धारा वाहत असेल, तर इलेक्ट्रॉनांच्या सरकण्याचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे ०.०७ मिलिमीटर असतो. तासाभरात ते जेमतेम वीतभर, २६ सेंटिमीटर, पुढे जातात. बटण दाबताच दिवा लागतो तो इलेक्ट्रॉन धावत बल्बपर्यंत येतात म्हणून नव्हे, तारेत सर्वत्र असलेले इलेक्ट्रॉन जवळजवळ एकाच वेळी सरकू लागतात म्हणून. पडदा पाहिलेल्या मुलाला हे कोणीतरी सांगायला हवे. इलेक्ट्रॉन निळे नसतात, हेही सांगावे लागते. हसण्यासारखी गोष्ट वाटली तरी एकदा विचारून पाहावे.

दुसरे उदाहरण बल्बचे. त्या आभासी संचातील साध्या बल्बचा रोध ठरलेला असतो. धारा कितीही वाढवली तरी तो तोच राहतो. खऱ्या तंतूच्या बल्बचे तसे नसते. २३० व्होल्टवर ६० वॅट शक्तीने जळणाऱ्या बल्बचा रोध पेटलेला असताना सुमारे ८८० ओहम असतो. थंड असताना तो मोजला, तर याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी भरतो. विजेरीचा छोटा बल्ब आणि एक, दोन, तीन सेल घेऊन धारा मोजली, तर ती विभवांतराच्या प्रमाणात वाढत नाही. आलेख वाकतो. ज्या मुलांनी केवळ पडद्यावर ओहमचा नियम पाहिला त्यांना तो सर्वच वस्तूंना लागू होतो असे वाटेल. तो नियम काही द्रव्यांना, तापमान स्थिर असताना लागू होतो, हे त्यातले मर्मच निसटेल.

जीवशास्त्रात ही अडचण आणखी ठळक होते. कांद्याच्या पापुद्र्याची आभासी काचपट्टी नेहमीच स्वच्छ असते. खऱ्या काचपट्टीवर हवेचे बुडबुडे येतात, आणि पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकातून पाहणारी कितीतरी मुले जाड काळ्या कडेचा तो बुडबुडाच पेशी म्हणून वहीत काढतात. शिक्षक येऊन विचारतात, ‘हे पेशी आहे कशावरून?’ आणि तिथून निरीक्षणाचे शिक्षण सुरू होते. बुडबुडाच नसेल तर हा प्रश्न कधी विचारला जाणार?

जर्नलचा जुना रोग

आभासी प्रयोगावर टीका करताना प्रत्यक्ष प्रात्यक्षिकांचे रूप आपल्याकडे काय आहे तेही पाहावे. राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत विज्ञानाच्या शंभर गुणांपैकी वीस प्रात्यक्षिकाचे आहेत. या वीस गुणांसाठी बहुतेक ठिकाणी काय चालते हे शिक्षकांना सांगायला नको. मागच्या वर्षीचे जर्नल उतरवून काढायचे. रीडिंग आधीच ठाऊक असते, निष्कर्षही ठाऊक असतो. कुणाचे उत्तर वेगळे आले तर ते खोडून ‘बरोबर’ केले जाते.

या पार्श्वभूमीवर प्रयोगशाळेची हुबेहूब नक्कल करणारे सिम्युलेशन म्हणजे त्याच जुन्या जर्नलची अधिक देखणी आवृत्ती होण्याचा धोका आहे. ओ-लॅब्जविषयी माझा मुख्य आक्षेप हाच आहे. ज्या उद्देशाने ती उभारली, म्हणजे जेथे प्रयोगशाळा नाही किंवा उपकरणे परवडत नाहीत तेथील मुलांपर्यंत प्रयोग पोहोचवावा, तो उद्देश रास्त आहे. २०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद पडल्या तेव्हा या साधनांची गरज पटलीच. पण प्रयोगाच्या पानांत ‘सिद्धांत’ पहिल्या क्रमांकावर ठेवला की शोधायचे ते आधीच सांगून झालेले असते. त्यानंतर ‘कृती’ येते, म्हणजे कसे शोधायचे हेही ठरते. सिम्युलेशनपर्यंत पोहोचलेल्या विद्यार्थ्याला सांगितलेल्या जागी बोट ठेवण्याखेरीज फारसे काम उरत नाही. हा दोष संगणकाचा नाही. आपल्या प्रात्यक्षिकांच्या यादीचा दोष तिने जसाच्या तसा उचलला आहे.

तथापि या घराण्याचा एक उपयोग निश्चित आहे, आणि तो पूर्वतयारीचा आहे. व्हर्निअर कॅलिपरवरील रीडिंग वाचणे, स्क्रूगेजची शून्य-त्रुटी ओळखणे, अनुमापनात ब्युरेट कशी वाचायची हे समजणे, यांसाठी साठ मुलांच्या वर्गात तीन उपकरणे पुरत नाहीत. पडद्यावर हा सराव प्रत्येकाला हवा तितका करता येतो. स्क्रूगेज किती घट्ट आवळायचे हे मात्र बोटांनीच शिकावे लागते. तालीम कितीही झाली तरी नाटक रंगमंचावर व्हावे लागते, तसेच हे आहे.

खऱ्या आकड्यांतील विखुरलेपण हा मुद्दाही महत्त्वाचा आहे. बहुतेक सिम्युलेशनमध्ये तीच मांडणी दहा वेळा केली तर दहाही वेळा तेच उत्तर येते. मग ‘तीन वेळा रीडिंग घेऊन सरासरी काढा’ या सूचनेला काही अर्थच उरत नाही. फेटच्या एका नव्या प्रक्षेपक-प्रयोगात हे विखुरलेपण मुद्दाम घातले आहे. तोफेतून प्रत्येक वेळी गोळा थोडा वेगळ्या जागी पडतो. हा प्रयत्न स्तुत्य आहे. पण तिथेही किती विखुरायचे हे कार्यक्रम लिहिणाऱ्याने ठरवलेले आहे. आपल्या प्रयोगातील त्रुटी कुठून आली, दोरा ताणला गेला की लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजलीच नाही, हे शोधण्याचे काम त्यात नाही. एक मीटरच्या लंबकात गोळ्याची एक सेंटिमीटर त्रिज्या धरायची राहिली, तर गुरुत्वीय त्वरण एक टक्क्याने कमी येते. ही चूक शोधून काढणाऱ्या मुलीला लंबक त्याच्या सूत्रापेक्षा अधिक कळलेला असतो.

वर्गात वापरताना

एवढ्या विवेचनावरून काही व्यवहार्य गोष्टी सांगता येतील.

सिम्युलेशन निवडताना तीन कसोट्या लावाव्यात. कृतीत नसलेला एखादा प्रश्न त्याला विचारता येतो का? चुकीची मांडणी करून पाहण्याची मोकळीक आहे का, आणि चूक केल्यावर काहीतरी अर्थपूर्ण घडते का? त्यात काय गृहीत धरले आहे आणि काय सोडून दिले आहे, हे शिक्षकाला सांगता येईल का? तिन्ही उत्तरे नकारार्थी असतील तर त्या सिम्युलेशनचा तास वाचवून फळ्यावर शिकवलेले बरे.

क्रम विषयानुसार ठरवावा. लंबक, उत्प्लावन, भिंगाची प्रतिमा यांत घडते ते डोळ्यांना दिसते, तेव्हा खरा प्रयोग आधी आणि पडदा नंतर. परिपथ, वायू, रासायनिक समतोल यांत मुख्य गोष्ट अदृश्य असते, तेव्हा पडदा आधी घेतला तरी चालेल, पण शेवट खऱ्या उपकरणांवर व्हावा. दोरा, दगड, विजेरीचा बल्ब, दोन सेल एवढ्यावर यातील पुष्कळसे होते. होशंगाबादच्या विज्ञान-शिक्षण कार्यक्रमाने १९७२ पासून खेड्यांतील शाळांत आणि अरविंद गुप्ता यांनी आपल्या खेळण्यांतून हे दाखवून दिले आहे. तेव्हा ‘उपकरणे नाहीत’ हे कारण जितके वेळा सांगितले जाते तितके वेळा ते खरे नसते.

बहुतेक शाळांत वर्गाला एकच पडदा असतो. त्यावर शिक्षकांनी बटणे दाबायची आणि मुलांनी पाहायचे, असे झाले तर सिम्युलेशन आणि चित्रफीत यांत फरक राहत नाही. यावर साधा उपाय आहे. बटण दाबण्यापूर्वी प्रत्येकाने काय होईल ते वहीत लिहायचे आणि कारणही लिहायचे. मग हात वर करून मते मोजायची. त्यानंतरच बटण दाबायचे. ज्याचे भाकीत चुकले तो डोळे विस्फारून पाहतो. ज्याने भाकीतच केले नाही तो नुसता बघत बसतो.

भाषेकडेही लक्ष असावे. बालभारतीच्या पुस्तकात ‘रोध’ असतो आणि हिंदीत ‘प्रतिरोध’. पडद्यावरची संज्ञा आणि पुस्तकातली संज्ञा वेगळी असेल तर मुलांना त्या दोन निराळ्या राशी वाटू शकतात. फेटच्या भाषांतरांना शिक्षकांचा हातभार लागू शकतो. तो लावण्यासारखे हे काम आहे.

संगणकीय साधनांचे आयुष्यही ध्यानात ठेवावे. फेटचे सुरुवातीचे प्रयोग जावा आणि फ्लॅश या प्रणालींत लिहिलेले होते. २०२० च्या अखेरीस फ्लॅशचा आधार काढून घेतला गेला आणि त्या प्रणालीत केलेले असंख्य शैक्षणिक कार्यक्रम निकामी झाले. फेटने आपले बरेचसे प्रयोग नव्या रूपात पुन्हा लिहिले, तेवढी ताकद प्रत्येक संस्थेकडे नसते. विकत घेतलेल्या सीडींचे गठ्ठे आज अनेक शाळांच्या कपाटांत पडून आहेत. म्हणून शाळेच्या मर्यादित पैशातून काय घ्यायचे असा प्रश्न आला, तर आधी मोजपट्ट्या, भिंगे, मापके आणि सेल घ्यावेत. चांगली सिम्युलेशन फुकट मिळतात, भिंगे मिळत नाहीत.

सी-डॅकसारख्या संस्थांकडे सार्वजनिक पैशाचे आणि जाणकार माणसांचे बळ आहे. त्यांच्याकडून दोन अपेक्षा कराव्याशा वाटतात. प्रत्येक सिम्युलेशनसोबत, नकाशाच्या सूचीप्रमाणे, ‘यात काय धरले आहे आणि काय सोडले आहे’ असे एक पान मराठीतून द्यावे. आणि सिद्धांताचे पान सिम्युलेशनच्या नंतर यावे, त्याच्या जागी सुरुवातीला एक खरा प्रश्न असावा. दोन्ही बदल फारसे खर्चिक नाहीत. मंडळानेही प्रात्यक्षिकाच्या वीस गुणांसाठी लागणारी रीडिंग खऱ्या उपकरणांवर घेतलेली असावीत, हा नियम ढिला होऊ देऊ नये. अन्यथा आभासी प्रयोगशाळा सर्वांना मिळेल आणि खरी प्रयोगशाळा मात्र शुल्क भरू शकणाऱ्यांच्याच शाळांत उरेल. समान संधीच्या नावाने सुरू झालेल्या कामाचा शेवट असा होऊ नये, याची काळजी घेणे आपल्याही हातात आहे.